उद्धवरावांच्या साडेतीन गाड्या

नाई, पिस्टन नाईच त्याच्यात — तुमी वाकून वाकून काय पाहून राह्यले, साहेब? असता तं दिसला असता. आत एक तिकोनी लोखंड गोल फिरते, बस, त्याच्यावरच गाडी पळते. आमच्या ह्यायनं, उद्धवरावायनं, पंचवीस वर्सं आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगात फिटरकी केली, अन् मंग इथं इचोड्यात मोटरसायकलीचा कारखाना काढला — कारखाना म्हंजे हाच गोठा. म्हैस इकली नं त्यासाठी. गाड्या किती झाल्या? साडेतीन. अर्धीले चाकंच नाई बसली.

पहिली चालवाले माझा भाऊ फकिरा बसला — पळाली, काय पळाली! पण मूठ सोडली तरी ते इंजन आपल्याच नादात. आदिलाबादच्या यार्डात कापसाच्या ढिगात शिरला तवा थांबला. हमालायनं पाय धरून ओढला त्याले. मंग नोंदणी — कचेरीतला कारकून इचारते, सिलिंडर किती? हे म्हनतात, एकबी नाई. तो म्हने, रकाना रिकामा कसा ठेवू? तीन महिने फाईल फिरली, अन् शेवटी त्यानं लिहून देल्लं — पिठाची चक्की, दोन चाकी. हसता काय? दुसऱ्या दिवशी तलमडुगू गावच्या बाया डोक्यावर ज्वारी घेऊन दारात! ह्यायनं गाडीचा पट्टा जात्याले लावून दळून देल्ली. नाई कसं म्हनाव, बाया उन्हातून आल्या होत्या. भाकरीले पेट्रोलचा वास — तरी परत आल्या.

कंपनी? आली होती नं पुण्याची एक. कोन म्हनते नाई आली? दोघं जन, टाय लावून, म्हने उद्धवराव कुठं हायत, त्यायले पुण्याले नेतो, बंगला देतो. हे तिकडं मागं आंघोळ करून राह्यले होते — बादलीचा आवाज येत होता मले. अन् मी म्हनलं, वारले.

काऊन म्हनजे? नेलं असतं नं त्यायले! हा माणूस इंजनासमोर जेवतो, मले ओळखतो तं फक्त पाना मागाले — तिकडं गेला असता तं तेवढंबी गेलं असतं. हार पाठवला कंपनीनं, मोठा, झेंडूचा. हे म्हने, कोनाचा गं? म्या म्हनलं, चुकून आला. नऊ वर्सं झाली, डाकवाला दिसला का हे कंपनीच्या चिठ्ठीसाठी रस्त्यावर उभे. काल मले म्हने, गया, कंपनीवाले येतील, मोठ्या लोकायले वेळ लागते. अन् माझ्यासाठी ताटात अर्धी भाकर काढून ठेवली होती त्यायनं, पहिल्यांदा.

हे काय, लिहून काऊन घेऊन राह्यले तुमी? पेपरात? फाडा ते. नाई, नाई, पेपर तं हे तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात — फाडा म्हनलं नं. अन् जा आता. चहा राहू द्या, जा.