हुकावर राहिलेला ताईत

अजून कुठं भांडं वाजलं तरी मला तो आवाज आठवतो. टक, टक, टक. वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनच्या पोटातून तो येत होता.

मी तिथं नवा होतो. माझा शिराळ्याचा दोस्त दत्तू आतली पाती पुसायला गेला होता. आत काही पडू नये म्हणून आम्ही खिसे रिकामे करायचो, गळ्यातलंसुद्धा दारातल्या हुकाला अडकवायचो. काम संपलं म्हणून साहेबांनी मशीन हळूहळू फिरवायला घेतलं, आतून टक टक सुरू झालं, आणि मला दिसलं, दत्तूचा ताईत हुकावर तसाच आहे.

"सायेब, थांबवा! दत्तू आत हाय! ठोकतोय त्यो!"

साहेबांनी घाईनं बटण दाबलं. मशीन थांबलं, तसं ठोकणंही थांबलं. मी मशीनच्या दाराकडं धावलो.

"काय झालं रं गड्या?" मागून दत्तू चहाचा कप घेऊन येत होता.

साहेबांनी घाम पुसला. "अहो, हळू फिरताना पाती सैल असतात. तीच वाजतात."

मी दत्तूचा हात धरला, मला तो सोडवेना. त्यानं कप खाली ठेवला, हात सोडवला, विसरलेला ताईत हुकावरून काढला, माझ्या गळ्यात घातला आणि निघून गेला.