अप्पांच्या रिळातली स्प्रिंग

तुम्हाला सांगतो, सासऱ्यांची वस्तू सुधारायला जाऊ नये! आमचे अप्पा निवृत्त मास्तर. मासे धरायचं त्यांचं जुनं रीळ मी हौसेनं खोललं, घासलं, मुठीला सागवानाची गोटी बसवली. तेवढ्यात दोरा अडवणारी तार मिटवणारी स्प्रिंग टुणकन उडाली, ती गेलीच. शेवटी बॉलपेनची बसवली.

तळ्यावर अप्पांनी गळ टाकून मूठ फिरवली. तार खटकन मिटली. "झकास केलंत हो!"

मला राहवेना. "अप्पा, ओरिजिनल स्प्रिंग माझ्याकडून हरवली. आत पेनची आहे."

अप्पांनी गळ बाजूला ठेवला.

"अहो जावईबापू! ओरिजिनल मीच घालवली होती. तुम्ही हरवलीत ती माझ्या पेपर तपासायच्या लाल पेनची."