अक्कांचा कॉर्नर प्लॉट

कॉर्नरचा प्लॉट म्हणजे नशीब, असं म्हणता ना? मग ऐका. जळगावात आम्ही दोघी जावांनी शेजारीशेजारी सारख्याच मापाचे प्लॉट घेतले. चिठ्ठ्या टाकल्या, तर कॉर्नर मोठ्या जाऊबाईंना, अक्कांना निघाला. मला जेवण गोड लागेना. त्यात अक्का भेटेल त्याला सांगायच्या, "आमचा कॉर्नर, धाकटीचा मधला."

मग नकाशा काढायला इंजिनिअर आले. म्हणाले, "अक्का, रस्त्याच्या बाजूला जास्त जागा मोकळी सोडावी लागते. तुम्हाला रस्ते दोन, म्हणून दोन्हीकडे सोडा. धाकट्या वहिनींपेक्षा एक खोली कमी बसेल."

"अहो, पण प्लॉट तर सारखेच ना?"

"प्लॉट सारखे, बांधकाम नाही."

अक्कांचं तोंड एवढंसं झालं, आणि माझा जीव थंडावला.

घरं बांधून झाली. आता कोणी पाहुणे आले की अक्का फाटकातूनच अहिराणीत सांगतात, "धाकलीकडे उतरा, तिनं घर मोठं शे." मी घामाघूम होऊन भाकरी थापते आणि खिडकीतून बघते, तर अक्का त्या मोकळ्या जागेत मोगऱ्याजवळ झोपाळ्यावर.

काल तिथूनच ओरडल्या, "धाकले, पाहुण्यांना चहा टाकते आहेस ना? एक कप माझाही वाढव."