लाइलने पाडलेले आटे

— नाही हो मॅरिअनबाई, तो नको. कॅटलॉगचं पान उलटा. दिसायला देखणा आहे, मान्य, पण लेथवर लाकूड पकडायचा चक काय आपल्याला शोकेसमध्ये ठेवायचाय? तो दोन दांड्यांनी आवळायचा प्रकार आहे — एका हातात एक दांडी धरा, दुसऱ्या हाताने दुसरी पिळा, आणि लाकूड धरायला तिसरा हात आणा कुठून? आपल्या या निवृत्तांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये सभासद एकवीस, सरासरी वय त्र्याहत्तर, आणि सगळ्यांचे मिळून धड चालणारे हात मोजलेत तर तीस भरायचे नाहीत. त्या वॉरनला बरणीचं झाकण उघडत नाही, आणि तो आपला अध्यक्ष! एका किल्लीचाच घ्यायचा. किल्ली खोचली, फिरवली, चारही जबडे एकदम मिटले, लाकूड पकडलं, संपलं. आणि किल्ली लगेच काढायची बरं का — तशीच राहिली आणि कोणी बटण दाबलं, की ती थेट कपाळात. हसताय काय? तुम्ही अख्खं आयुष्य लायब्ररीत काढलंत, तिथे पुस्तकं उडून अंगावर येत नाहीत.

खरं सांगू का, हे निवडायचं काम माझं नाहीच. कमिटीने माझ्या गळ्यात मारलंय, कारण लाइल हॉजेट्स नाही. लाइल — तुम्ही नाही भेटलात त्याला, तुम्ही सेक्रेटरी व्हायच्या आधीच तो यायचा बंद झाला. अकरा महिने झाले. चौतीस वर्षं कागद गिरणीत टर्नर होता, लोखंड कातायचा. मी त्याच गिरणीत फोर्कलिफ्ट चालवायचो, म्हणजे माझी बुद्धी कितपत ते तुमच्या लक्षात आलं असेल. चाळीस वर्षांची दोस्ती आमची. त्याच्या होडीतून मासे मारायला जायचो — मासे कसले, त्याचे टोमणे खायला जायचो. आणि मला काय हवंय माहितीये? चक गेला खड्ड्यात. मला तो तिथे, त्या मोडक्या स्टुलावर बसलेला हवाय, माझ्या कामाला नावं ठेवत. म्हणून तर हा कॅटलॉग तीन आठवडे अडवून ठेवलाय मी. म्हटलं, नेव्हिल चक निवडतोय हे कानावर गेलं की चवताळून येईल. नाही आला.

असो. लिहा. पहिली गोष्ट — आटे. जबडे-बिबडे नंतर. चक लेथच्या दांड्यावर स्क्रूसारखा चढतो, तेव्हा त्याचे आटे त्या दांड्याला बसले पाहिजेत, नाहीतर घ्या आणि दाराला टेकण म्हणून वापरा. आणि आपला लेथ म्हणजे — बघा त्याच्याकडे — बंद पडलेल्या शाळेतून आणलेला, माझ्याहून वयाने मोठा, त्याच्या मापाचे आटे आता जगात कोणी बनवत नाही. मग आधीचा चक कसा बसायचा? लाइलने बसवला. स्वतःचा चक शेडला दिला, आणि मधे बसायला एक पोलादी कडी केली, घरी, त्याच्या गॅरेजमध्ये — बाहेरचे आटे चकच्या मापाचे, आतले लेथच्या. दोन रविवार घालवले. ती कडी चढवताना आवाज यायचा नाही. लोणी लावल्यासारखी जायची आणि शेवटी हलकेच थांबायची. लाइल ती पुनःपुन्हा चढवायचा आणि काढायचा, नुसतीच, आणि आम्हाला म्हणायचा, 'ऐका, ऐका,' आणि आम्ही ऐकायचो, तर काहीच ऐकू यायचं नाही, आणि तो खूश.

काय? आता का नाही वापरत? त्या भिंतीवरची पाटी वाचा की. 'घरी बनवलेले भाग लेथवर लावण्यास सक्त मनाई.' प्लास्टिकमध्ये घालून लावलीय, वॉरनची हौस. नाव कोणाचंच नाही, पण घरी भाग बनवणारा अख्ख्या शेडमध्ये एकच माणूस. म्हणजे काय झालं — मागच्या मार्चमध्ये, जत्रेच्या सोडतीसाठी मी एक बोल, म्हणजे लाकडी वाडगा, कातत होतो, ब्लॅकवुडचा, हा एवढा मोठा, सुंदर लाकूड. चालता चालता चक सुटला! दांड्यावरून अख्खा चक, बोलसकट! चक पडला जमिनीवर आणि तिथेच गरगरत निघाला, सगळे म्हातारे टेबलावर चढले — गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या न चढणारे टेबलावर चढले! — आणि बोल सुटला जबड्यातून, वॉरनच्या बायकोने दिलेल्या लॅमिंग्टन केकच्या ताटातून आरपार, खिडकीतून बाहेर, शेजारच्या बोल्स क्लबच्या हिरवळीवर. तिथे बायकांची फायनल चालली होती — गोळे घरंगळवायचे, पांढऱ्या चेंडूच्या सगळ्यात जवळ ज्याचा थांबेल त्याचा पॉइंट. आमचा बोल घरंगळत गेला आणि पांढऱ्या चेंडूला टेकून थांबला. ग्लॅडिस पिंबल — ब्याऐंशी वर्षांची — ती म्हणाली, हा आमच्या बाजूचा पॉइंट. शेवटपर्यंत सोडला नाही तिने. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. मग अपघाताच्या वहीत कारण लिहायचं होतं. लिहिलं — कडीचे आटे ढिले. झालं. म्हणून नवा चक.

तर जबडे. जबडे मिटत आले की त्यांचा गोल पुरा होतो, त्या मापाचा खुंट बोलच्या बुडाशी ठेवला तर पकड सगळीकडून बसते. फार उघडले तर नुसते कोपरे चावतात, लाकडाला वण पडतात आणि धरल्यासारखं वाटतं पण धरलेलं नसतं. म्हणून आपण दोन मापांचे जबडे घेऊ, एक लहान, एक — काय? नाही, विचारा ना, विचारा. चालता चालता सुटेल कसा? आटेच ढिले असले तर — नाही, बरोबर आहे तुमचं. लेथ सरळ फिरतो तेव्हा चक घट्टच होत जातो. ढिले असले तरी तो आवळतच जाणार. हो. सुटायचा तर उलटा फिरवला तरच सुटेल.

तुम्ही लायब्ररीत काय फक्त शिक्के नाही मारलेत.

हो, फिरवला होता उलटा. पॉलिशपेपर मारताना फिरवतात, सगळेच फिरवतात, लाकडाची उभी राहिलेली कूस बसते त्याने. पण उलटा फिरवायच्या आधी चकच्या बाजूचा बारका स्क्रू आवळायचा असतो, तेवढ्यासाठीच दिलेला असतो तो. तो आवळायची एलन की त्या खिळ्याला टांगलेली. दोन पावलं, मॅरिअनबाई, दोन पावलं. पण किटली शिट्टी मारत होती आणि लॅमिंग्टनवर वॉरनचा डोळा होता. म्हटलं, अर्ध्या मिनिटाचं काम. आणि मग सगळे टेबलावरून उतरले, माझ्याकडे बघायला लागले, कोणीतरी विचारलं, 'कडी गेली का रे?' — मी नाही म्हटलं तसं, दुसऱ्याच कोणीतरी म्हटलं! — मी फक्त हो अशी मान हलवली. नाही म्हणालो असतो तर मला लेथवरून उठवलं असतं, सहा महिने, नियम आहे. घरी काय करू सहा महिने? माझी बायको मर्ल गेल्यापासून घरात आहे काय? टीव्ही. मान हलवली, एवढंच केलं. वाईट केलं. मला कळतं ते.

लाइल दुसऱ्या दिवशी आला. कोणी फोन केला कोण जाणे. कडी मागितली, त्या खिडकीपाशी नेली. नख फिरवलं आतून, मग बाहेरून. मग उजेडात धरून बघितली. बराच वेळ. मी जवळच होतो, हा इथे. आता एवढ्यांदेखत त्याची शोभा होऊ नये म्हणून मीच मोठ्या मनाने सगळ्यांना सांगितलं — 'जाऊ द्या रे, माणूस आहे, चुकतो.' पाठीवर थोपटलंसुद्धा त्याच्या. त्याने कडी रुमालात गुंडाळली, म्हणाला, 'बरं,' आणि गेला. तेव्हापासून नाही. एवढा मानी माणूस, हातचं काम फसलं, तोंड दाखवायला लाजतोय. अकरा महिने मी हेच धरून चाललोय. येईल, म्हटलं, लाज ओसरली की येईल.

कशी दिसत होती म्हणजे? कडी? चांगली होती की. आटे खरंच गेले असते तर फाटले असते, कडा निघाल्या असत्या, कीस पडला असता जमिनीवर. तसं काही नव्हतं, मीच उचलली होती ना, नवी कोरी, चकाकत हो —

नख फिरवलं त्याने.

चौतीस वर्षं आटे पाडलेत त्या माणसाने. त्याला बघायचीसुद्धा गरज नव्हती. नखालाच कळलं असणार. कळल्यावर पुन्हा उजेडात कशाला धरली मग? बघायचं काय होतं? काही नव्हतं बघायचं. उभा होता नुसता. मी शेजारी होतो, हातभर अंतरावर. मी बोलायची वाट बघत उभा होता तो. आणि मी त्याची पाठ थोपटली.

नाही, चहा नको. मिटा ते पुस्तक. नाही घ्यायचा आज, कुठलाच नाही घ्यायचा. तुम्ही जा घरी, मॅरिअनबाई. बराय मी. जा म्हणतो ना. दार ओढून घ्या.