हिरव्या मंडपातली नवरी

लेकीच्या लग्नाचा चुडा मांडीवर सांभाळत जमुनाबाई मोर्शीच्या बसमध्ये बसली होती. पुढच्या सीटवर कॅमेरा घेतलेला पोरगा फ्लॅशचं डोकं सारखं वर-खाली करत होता. टकटक, टकटक. शेजारचा दोस्त वैतागला.

“अफनान, कावून खेळून राहिला त्याच्यासंग?”

“बंडू, फ्लॅश तोंडावर मारला का कपाळ चमकते. छतावर मारला का उजेड नरम होऊन खाली येते. तीन महिने व्हिडिओ पाहून शिकलो.”

“मंग बहिणीच्या हळदीत तुई आपा फोटोत हिरवी कावून आली?”

“व्हिडिओवाल्याच्या घरी छत पांढरं असते. आपल्या मंडपाचं कापड हिरवं होतं. आपा अजून बोलत नाही.”

“उद्या वामनरावाच्या पोरीच्या लग्नात कोणतं कापड आहे?”

“कोणाले मालूम.”

“फोन करून इचार न.”

“पह्यलंच लग्न भेटलं. नवरीचा बाप म्हणन, याले काही येतच नाही.”

जमुनाबाईनं घरी वामनरावांना फोन लावला.

“अहो, मंडपाले कापड कोणतं लावलं? हिरवं? ते काढा, पांढरं लावा. लग्नात पांढरं कसं म्हंजे? लोकायले म्हणू द्या काय म्हणायचं ते. माई आकांक्षा फोटोत हिरवी नाही दिसली पाहिजे.”

पुढची टकटक थांबली.