बाबल्याच्या नावाशी अडलेलं नमन

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे वाडीप्रमुख सुजयराव, मंचावरची पाहुणे मंडळी, लोट्याहून पाळी बदलून आलेले कामगार बंधू, आणि दाराशी बसलेल्या माझ्या महिला मंडळाच्या बायांनो, तुम्हा सर्वांना तुळसावैनीचा नमस्कार. बायांनो, पुढे खुर्च्या रिकाम्या दिसतायत, पण तुम्ही तिथंच बसा.

आज महिपतचा निरोप, वाडीच्या कमिटीनं त्याला मुंबईला धाडायचं ठरवलंय. आमच्या नमन मंडळाची इतक्या वर्षांची राधा. बायकांची सोंगं पुरुषांनीच घ्यायची, ही आपली रीत. त्याला नऊवारी नेसायला मी शिकवलं, आणि वर्षभरात मेला माझ्यापेक्षा चापून नेसायला लागला. खेळात माणसं राधेच्या पाया पडायची. साडी उतरल्यावर त्याच माणसांनी त्याला काय काय हाका मारल्या, त्या या मंचावरून सांगू का?

यंदा त्यानं गुन्हा तरी काय केला? अलोऱ्याची, चिपळूणची पोरंपोरी जमवली, आपल्यासारखीच म्हणून पोटाशी धरली, आणि याच सभागृहात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत अखंड नमन घातलं. आधी देवांना वंदन केलं. मग नमनात नाचून गेलेल्या त्या खेळ्यांना, जे साडी उतरल्यावरही मनानं राधाच राहिले, ज्यांचा जीव पुरुषावर जडला, आणि ज्यांना आपण 'मुंबईला गेला' म्हणून विसरून गेलो. एकेकाचं नाव, त्याची गोष्ट, त्याची चाल. मी रडले. सुजयराव, तुमच्या मातोश्री माझ्या शेजारीच होत्या, त्याही रडल्या.

बाबल्याचं नाव आलं आणि वीज गेली, नमन तिथंच थांबलं. सभागृहाचीच गेली, रस्त्यावर दिवे होते. असो, मी कुणाकडे बोट दाखवत नाही.

तरुण मंडळींना बाबल्या ठाऊक नसेल. महिपतच्या आधीची आमची राधा. त्याचाही निरोप समारंभ इथंच झाला. शाल, श्रीफळ, गोड भाषणं, आणि स्टेशनावर सोडायला कमिटीची गाडी. बाबल्या मुंबईला पोचला नाही. शाल तेवढी मिळाली, दाभोळच्या खाडीत, कुणाच्या तरी जाळ्यात. आज महिपतच्या खांद्यावर पडलेली शालही त्याच रंगाची आहे. योगायोग असेल. बाहेर गाडीचं इंजिन मघापासून सुरू आहे, कमिटीची तत्परता वाखाणण्याजोगी. मागे उभ्या असलेल्या तरुणांना मी बसा म्हटलं, तर ते म्हणाले, आम्ही उभेच बरे.

सकाळी महिपत माझ्या पडवीत आला. चहाही घेईना. म्हणाला, "वैनी, मी जायला तयार हाय. पन त्या गाडीतून मना धाडू नको." मला भीती वाटते आहे.

आता कार्यक्रमपत्रिका बघा. शेवटी छापलंय, 'सांगता : महिपत यांच्या नमनाने.' कमिटीनंच छापलंय. नमनाशिवाय आपल्याकडे काही उरकत नाही, तेव्हा सवयीनं छापलं गेलं असणार. पण सुजयराव, आपला नियम कसा विसरलात? नमन मांडलं की ते उतरेपर्यंत खेळ्यानं गावची वेस ओलांडायची नाही, आणि त्याला कुणी ओलांडायला लावायची नाही. तुमचे वडील मृदंगावर होते म्हणून त्यांनी सख्ख्या भावाचं परगावचं लग्न चुकवलं होतं.

आणि मागचं नमन उतरलंच कुठं? ते बाबल्याच्या नावाशी अडलंय. म्हणजे महिपतला आज जाताच येत नाही. भागोजी, मृदंग घे. बाबल्यापासून पुढे धरायचं. दाभोळपासून खाडीच्या वरच्या टोकापर्यंत वाडीवाडीतली नावं आहेत, कधी संपतील सांगता यायचं नाही. संपत आली तर आम्ही बाया आठवून आठवून देऊ. गाडीवाल्या दादांना कुणीतरी सांगा, इंजिन बंद करा, उगाच डिझेल जळतंय.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांची ऋणी आहे. भाषणाची मला सवय नाही. कुठं अधिकउणा शब्द गेला असेल तर पोटात घाला. दार अडवून बसल्याबद्दलही बायांच्या वतीनं क्षमा मागते, पण त्या उठणार नाहीत. आणि एक विनंती. महिपतचं नाव या नमनात घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका.

महिपत, ऊठ. ती शाल खुर्चीवर ठेव आणि घुंगरू बांध.