अर्जावरची पहिली सही

सिस्टर, सगळ्या टीचर, पालक मंडळी, आणि वनिता टीचरचे मिस्टर, तुम्ही समोरच बसले आहात. आज बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मी सिस्टरकडून दोन मिनिटं मागून घेतली. बोलल्याशिवाय जाणार नाही.

मी सुधाकर. तिसरीतल्या समीक्षाचा बाप. कळमन्याच्या फळबाजारात वजनकाट्यावर काम करतो. मला इंग्रजी वाचता येत नाही. पोरगी सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत जाते, याचा केवढा अभिमान मला! पाहुणे आले की मी तिला पुस्तक घेऊन बसवायचो. ओळीखाली बोट फिरवत ती घडाघडा वाचायची. कुठे अडायची नाही. दुसरीत तिला वाचनाचं मेडल मिळालं, याच हॉलमध्ये. मी मागून शिट्टी मारली होती.

तिसरीत वनिता टीचर तिच्या वर्गशिक्षिका झाल्या. शाळा सुरू होऊन महिना झाला आणि त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "समीक्षाला वाचता येत नाही."

मी हसलो. "मॅडम, मेडल आहे तिले."

त्यांनी पुस्तक समीक्षापुढे ठेवलं. तिनं पान घडाघडा वाचलं. मी टीचरकडे पाहिलं, आता बोला म्हणून. टीचरनं पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "बेटा, हा कोणता शब्द?" समीक्षानं पान पहिल्यापासून म्हणायला घेतलं. टीचरनं थांबवलं, दुसरा शब्द दाखवला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, मला तेव्हाच कळलं होतं. पुस्तक पाठ होतं, वाचन नव्हतं. कळलं, तरी मी चिडलो. पोरीवर नाही, टीचरवर. "तुमच्या वर्गात आल्यावरच काहून विसरली? लेकराले घाबरवून राहिल्या तुम्ही!"

सहामाहीत टीचरनं जेवढं येत होतं तेवढेच मार्क दिले. समीक्षाचे उतरले. तुमच्याही काहींच्या मुलांचे उतरले. मग अर्ज निघाला. टीचर मुलांचा अपमान करतात, त्यांना शिकवता येत नाही, त्यांच्याकडून वर्ग काढून घ्या. तो अर्ज मी टाइप करून आणला. पहिली सही माझी. खाली अकरा. ती नावं मी घेणार नाही. ज्याचं त्याला माहीत आहे.

मीटिंगमध्ये सिस्टरनं विचारलं, मार्कांचा पुन्हा विचार करता का? टीचर म्हणाल्या, "मार्क वाढवून मुलांना वाचता येणार असेल, तर आत्ता वाढवते." दिवाळीनंतर त्यांना केजीच्या वर्गावर पाठवलं. मला वाटलं, जिंकलो.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी शाळेचा इंग्रजी मेसेज आला. असे मेसेज मी शेजारच्यांकडून वाचून घेतो. समीक्षानं फोन हातात घेतला. वाचायला लागली. हळूहळू. एका शब्दावर अडली. ओठांत तुकडे केले, जोडले, पुन्हा म्हटला, पुढे गेली. मंडळी, ती अडली आणि मला समजलं, पोरगी खरोखर वाचून राहिली आहे.

मी विचारलं, "कोणं शिकवलं?"

तिचा चेहरा उतरला. "सांगते, पण टीचरले बोलू नका बाबा."

तीन महिने मधल्या सुट्टीत वनिता टीचर केजीच्या पायऱ्यांवर तिला घेऊन बसत होत्या. तिला आणि आणखी चौघांना. डबा उघडा, पुस्तक उघडं. आणि माझी पोरगी हे माझ्यापासून लपवत होती. माझ्या भीतीनं.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर उभा राहिलो. टीचर बाहेर आल्या. भाऊ, तुम्ही तेव्हा त्यांना न्यायला स्कूटर चालू करून थांबला होता. मी हात जोडले. "टीचर, माह्यं चुकलं."

त्या म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? अर्ज लिहून दिला होता, तो मागंही लिहूनच घ्या. मला माझा वर्ग पाहिजे. पाचच मुलं येतात पायऱ्यांवर. बाकीची अजून पाठच करतात."

मी म्हटलं, "सोमवारी देतो."

सोमवारी बाजारात संत्र्याच्या गाड्या लागल्या होत्या. पुढच्या सोमवारी दुसरं काही. खरं सांगू? गाड्यांचं निमित्त होतं. ज्यांच्या सह्या मी दारोदार फिरून घेतल्या, त्यांना काय तोंड दाखवू, ही लाज होती. टीचर गेटवर दिसायच्या. एक शब्द विचारायच्या नाहीत. मी मान खाली घालायचो.

गेल्या गुरुवारी त्या गेल्या. छातीत दुखलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. माझा अर्ज अजून ऑफिसच्या फाइलमध्ये आहे. त्यात लिहिलं आहे, या बाईंना शिकवता येत नाही.

सिस्टर, अर्ज मागं घेतल्याचा हा कागद. मी आज आणला. आज आणून त्यांना काय मिळणार? काहीच नाही. वर्गही नाही. पण ती चौघं आणि माझी पोरगी कालही मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर जाऊन बसली होती. त्यांच्याजवळ कोण बसणार, हे आज ठरवा.

भाऊ, तुमची माफी मागायची माझी हिंमत नाही.

कागदावर माझ्या एकट्याची सही आहे. खाली जागा मोकळी आहे. पेन ठेवून जातो. आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

वनिता टीचर, नमस्कार करतो.